ड्यूटी चार्ट

स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं मी ड्यूट्या लावल्या.
कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर,
कोण रजेवर, कोण दांडीवर.
माझ्या पेन्सिलीशिवाय कात्रजची पहिली बस हलत नसे.
आता मी पलंग नंबर नऊ.
धायरी, तळमजला, खिडकीला जाळी,
खुब्यात स्टीलचा सांधा.

फाटकावर पाटी आहे : चोवीस तास प्रेमळ सेवा.
दिवसाचं मी बोलत नाही.
रात्री आठ ते सकाळी आठ
सव्वीस पलंग, दोन मजले
आणि महानंदा एकटी.
दुसरी होती, ती गौरींना गावाकडे गेली, उदगीरला.
तिच्या जागी माणूस येणार आहे.
दसऱ्यापासून येणार आहे.

झोप नसली की हिशोब मांडतो, जुनी खोड.
कुशीवर वळवायची माणसं अकरा, दर दोन तासांनी.
एकाला सात मिनिटं. अकरा साती सत्त्याहत्तर.
शेडगेंना तीन जास्त धरा,
ते आजारातही भरभक्कम आहेत.
झाली ऐंशी. एकशेवीसातून उरली चाळीस.
डायपर आठ, पाच-पाच मिनिटं.
संपली.
मधे कोणी पाणी मागायचं नाही.
कोणाला ठसका लागायचा नाही.
जिना चढायला वेळ लागत नाही असं समजायचं.
आणि महानंदाला लघवीला जायचं असेल
तर तिनं आठ वाजता घरी जाऊन जावं.

बेल मात्र प्रत्येकाच्या उशाशी आहे.
ऑफिसात वाजते.
ऑफिसला रात्री कुलूप.

मंगळवारी पहाटे तीन-दहा.
पलीकडच्या खोलीत चौदा नंबरच्या ताम्हनकर बाई उठल्या.
चप्पल ऐकू आली, एक.
दुसरी ऐकू आली नाही.
मग बादली.
मी बेल दाबली. त्यांनीही दाबली असेल,
दोन्हींचा सूर एकच, कोण सांगणार.
हाक मारली. याच आवाजानं एके काळी
अख्खं डेपोचं आवार जागेवर यायचं.
शेडगे म्हणाले, झोपा हो, स्वप्न पडलंय तुम्हाला.
महानंदा वर होती, कोणाच्या तरी ऑक्सिजनपाशी.
नवले पुलाकडून ट्रकचे ब्रेक ऐकू येत होते
आणि भिंतीवरचं घड्याळ,
जे इथे एकटंच वेळेवर असतं.
बावीस मिनिटं.

सकाळी रजिस्टरात : रात्र शांत.
दोन, चार, सहाच्या सह्या
एकाच पेनाच्या, एकाच बैठकीतल्या.
लांबून ओळखल्या मी.
असल्या सह्या मी करवून घेतल्यात.

एकोणनव्वदची दिवाळी. सतरा ड्रायव्हर कमी.
निवृत्ती धुमाळला तिसऱ्या दिवशी डबल लावली.
म्हणाला, साहेब, डोळे मिटतायत.
म्हटलं, चहा मार.
बिबवेवाडीच्या वळणावर गाडी फुटपाथवर चढली.
फुलवाली होती तिथं, तिचा मुलगा होता.
चौकशीत आलं : चालकाचा निष्काळजीपणा.
मी हातात फाईल घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो होतो,
तीन तास.
चार्ट कोणी मागितला नाही.
मीही आत जाऊन दिला नाही.

ताम्हनकर बाईंचा मुलगा बंगळूरहून आला.
चांगला माणूस, रडून डोळे सुजलेले.
त्यानं विचारलं, ड्यूटीवर कोण होतं?
मालकांनी नाव सांगितलं.
खरंच सांगितलं, त्यात खोटं काय.
तिचा हिशोब शनिवारी करणार आहेत.

काल रात्री ती मला वळवायला आली.
हातांना फिनेलचा वास, बोटं गार.
म्हटलं, महानंदा, कपाटावरचा कागद दे.
वेळा घालून सगळं लिहितो,
कोणी मागो न मागो.
ती म्हणाली, आजोबा, तुमचं आपलं काहीतरीच,
पण पेन्सिल दिली,
उशी अर्धी पाठीखाली सारली
आणि तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली.

सव्वीस, असं लिहिलं. खाली रेघ मारली.
पेन्सिल सुटली, घरंगळत पलंगाखाली गेली.
मी तसाच, ना या कुशीवर ना त्या,
कान जिन्याकडे लावून.