रकाना सात: मूळ ठिकाण

हिऱ्याच्या पात्यानं खापर कापते मी,
वर पाण्याची धार सोडून, तापून तडकू नये म्हणून.
मग काचेवर चिकटवून घासत बसते
तीस मायक्रॉनपर्यंत,
पलीकडून उजेड दिसेपर्यंत.
सुव्यात दुपारी वीज जाते. तेवढ्यात चहा.

माती सगळीकडची सारखीच, तपकिरी, मुकी.
ओळख पटते ती तिच्यात मळलेल्या वाळूवरून.
सिंगातोका नदीची असेल तर क्वार्ट्झचे राखाडी कण,
डोंगरांवरून गडगडत आलेले, कोपरे झिजलेले.
लाऊच्या बेटांवरची असेल तर ज्वालामुखीचे काळे खडे,
तबकडी फिरवली की नारिंगी, निळे होणारे,
नि मधूनच पोवळ्याचा चुरा.
दिवसाला पंधरा काचा.
नदी, नदी, बेट, नदी.
हे मडकं होडीतून टोंगाला गेलेलं, ते तिथून परत आलेलं.
सातव्या रकान्यात भरायचं: स्थानिक, किंवा आयात.
कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं, एवढंच काम.

दोनशे बारा नंबरचं अडलं.
लाऊमधल्या एका चिमुकल्या बेटावर सापडलेलं,
वाळूही तिथलीच, काळे खडे, पोवळं, सगळं जागच्या जागी.
पण आतून गोट्याचे खळगे, बाहेरून फळीचे ठोके
तिरके, एकमेकांवर चढलेले,
आणि काठाला ती दुमड
जी नदीकाठच्या बायकांखेरीज कुणी घालत नसे.

बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवून
बसनं चार तास, ताराइविनीकडे नेलं.
ती अजून कुरो घडवते, चाकाशिवाय,
गोटा आत, फळी बाहेर,
आणि भाजलेल्या गरम मडक्यावर झाडाचा डिंक चोळते.
हात धुऊन आली. खापर उलटंपालटं केलं
आणि कडेला जीभ लावली.
(नियमात बसत नाही. मी दाराबाहेरची कोंबडी बघत राहिले.)
"खारट. समुद्रकाठची वाळू घातलीय पोरीनं."
इतकी शतकं समुद्राशेजारी पुरलेलं, खारट लागणारच,
मी मनात म्हटलं. पण
पोरीनं?
"ठोके बघ ना किती जवळजवळ. घाबरा हात आहे.
डावखुरीही असेल, कलतायत कुठे ते बघ.
आणि वाळू जास्त झालीय.
आपल्या नदीची घेतो तेवढीच मूठ घेतलीन.
त्या वाळूला कमी लागते, हे तिला
तिथे सांगणार कोण?"

लग्न होऊन गेली, की पळवून नेली,
की तिकडचा कुणी आवडला म्हणून आपणच होडीत चढली,
भिंगातून दिसत नाही.
होडीत गोटा सोबत घेतला होता का,
की तिथल्या किनाऱ्यावर नवा शोधला, हातात बसेपर्यंत,
तेही नाही.
कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच, म्हणतात.
आली.
शिंपल्यांच्या, माशांच्या काट्यांच्या ढिगात,
अडीच हजार वर्षांनी,
शाईनं पाठीवर नंबर घालून घ्यायला.

निघताना ताराइविनीनं पुन्हा डबा उघडायला लावला.
बुडाकडच्या काळ्यावर नख ओढलं.
"काजळी किती जाड आहे. खूप दिवस शिजवलंन यात.
म्हणजे तसं काही वाईट झालं नव्हतं मडकं."
आणि मला उकडलेला कसावा दिला, पानात बांधून, बससाठी.

परत प्रयोगशाळेत. रकाना सात.
यंत्र अक्षरं घेत नाही, यादीतलं एक निवडा म्हणतं.
स्थानिकवर बाण नेला. मग आयातवर.
मग पुन्हा वर.
कसाव्याचं पान अजून टेबलावर होतं,
बोटांना त्याचा वास.
मग वीज गेली.