आवाज बंद करून

बाबांची रात्रपाळी, म्हणून दिवसभर टीव्ही मुका.
मी आणि फिदा वहीत रेघा मारतोय,
दृश्य बदललं की एक रेघ.
तीन मिनिटांत एकशे बेचाळीस.
गायिका जिन्यावर नुसते ओठ हलवते,
मागे कुणी पियानो पेटवून दिलाय.
धूर फार देखणा.

आमच्याकडे काय पेटवायचं?
सोहारला पार्किंगमध्ये मेणबत्ती लावली
तरी वॉचमन धावत येतो.

"एकच शॉट घेऊ," फिदा कुजबुजते, "न कापता."
कशाचा?

दाराच्या फटीतून एसीची घरघर,
आणि चादरीबाहेर आलेला बाबांचा पाय,
अजून फोर्कलिफ्टवरच असल्यासारखा
झोपेत दाबतोय, सोडतोय, दाबतोय.
ताल चुकत नाही.

फोन उंबऱ्यावर टेकवून ठेवला.
वहीत एक रेघ. मग
पेनाला टोपण लावलं.