चौदा नंबरची काच

वहीचं पान आडवं धरून
चार रकाने आखले:
हायडलबर्ग, लायडन, पुणे, कालिना.
खाली फी, भाडं, मिळाली तर शिष्यवृत्ती,
आणि न्यूट्रॉन तारे कोण शिकवतं.

टिपणीस सर म्हणाले, आकाशाचं सोड,
आता दुर्बिणीला डोळा कोण लावतो?
आकडे येतात, आकडे बघायचे.
खरंच आहे. माझगावात आमच्या गच्चीवरून
मोजून अकरा तारे दिसतात,
बारावा गोदीतल्या क्रेनचा दिवा.

बाबा पाळीवरून आले. हात धुतले तरी
बोटांना लोखंडाचा वास तसाच.
पान हातात घेऊन उभ्यानेच वाचू लागले.
मी सातवीत असताना याच माणसाने
वेल्डिंगची काच डोळ्यांसमोर धरली होती
आणि सूर्य दिसला, चावा घेतलेल्या बिस्किटासारखा,
हिरवा.
शाळेत कुणी मानलं नाही, हिरवा होता म्हणून.

"यात परत यायचं भाडं कुठाय?"
ते नंतर बघू, म्हटलं.
"जायचं मात्र लिहिलंस, पैशांसकट."
आणि जेवायला बसले.

मुदत तिकडच्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे आमचे साडेतीन.
तीनला लायडन पक्कं केलं.
मग कालिना. मग पुन्हा लायडन.
चार मिनिटं उरली तेव्हा
खाली एक ओळ वाढवावीशी वाटली,
पट्टी सापडेना.
बाबांच्या डब्याशेजारची काच उचलली,
तिच्या कडेने रेघ मारली.

सरळ आली.