इतर, असल्यास नमूद करा

प्लेसमेंटच्या फॉर्मवर शेवटचा रकाना:
‘करिअरचे उद्दिष्ट, पन्नास शब्दांत.’
कालिन्याच्या कॅन्टीनमध्ये चहावर साय धरलीय
आणि माझे तीनच शब्द झालेत:
‘मला असं वाटतं.’
तेही डिमेलो मॅडम खोडतील.
वाटण्याला मार्क नसतात, म्हणतील, पुरावा दे.

पुरावा म्हणावा तर एक कार्ड आहे.
टिकल्यांचं. अँटॉप हिलच्या मागच्या गल्लीतलं,
तिसऱ्या सत्राच्या फील्डवर्कमधलं.
यल्लव्वा नाटीकर, वय अंदाजे बेचाळीस,
मांडीवर परात, परातीत लाल मखमली ठिपके.
माझ्या सदतीस प्रश्नांची उत्तरं देताना
तिचं बोट एकदाही चुकलं नाही.
‘व्यवसाय?’
‘काय नाय गं. घरीच असते.’
एक नोकरी, दोन धंदा, तीन शिक्षण, चार घरकाम,
नऊ इतर, असल्यास नमूद करा.
(पाच ते आठ कुठे गेले
हे संशोधन पद्धतीच्या पेपरात कधी आलं नाही.)
मी चारला गोल केला.
तोवर ती दोन कार्डं पुढे गेली होती.
निघताना त्यातलं एक माझ्या हातात कोंबलं,
‘लाव. कपाळ मोकळं बरं नाय दिसत.’

दिगंबरमामा दर दिवाळीला विचारतो,
समाजशास्त्र घेऊन पुढे काय?
यूपीएससी? नाही? मग बीएड?
तेही नाही? म्हणजे समाजसेवा.
मामाच्या यादीत तर नऊसुद्धा नाही.

परवा मरोळच्या एका ऑफिसात जाऊन आले.
एसी इतका की पेन धरवेना.
केसांच्या तेलाचा सर्वे, महिना अठरा हजार,
रिक्षाचे वेगळे, पावती दिली तर.
‘लोकांशी बोलता येतं ना? बस झालं,’ म्हणाले.
प्रश्नावली समोर ठेवली.
सहावा प्रश्न पाहून मी विचारलं,
गृहिणी म्हणजे नक्की कोण धरायची?
‘घरी असते ती.’
आणि घरी बसून काही करत असेल तर?
ते हसले, वाईट नव्हते ते.
‘मॅडम, फॉर्म क्लायंटकडून येतो.
आपण फक्त भरायचा.’

सोमवारी कळवते म्हणाले.
मीच म्हणाले. त्यांनी तर हो म्हटलं होतं.

मग जुने कागद काढायला बसले,
बोनाफाईड, गुणपत्रिका, डोमिसाईल,
आणि त्यात पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जाची झेरॉक्स.
आईचा व्यवसाय: गृहिणी.
माझंच अक्षर. ‘ह’ला केवढा ऐटदार फाटा.
त्याखाली पिन केलेली फीची पावती,
जी भरली होती
चेंबूर कॅम्पातल्या तीन साडीवाल्यांच्या
फॉल-बिडिंगच्या पैशांतून.

‘अदृश्य श्रम ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.’
पंधरा मार्क. आदल्या रात्री पाठ करत होते,
पडद्यापलीकडे मशीन चालू होतं,
मी ओरडले, आई, जरा बंद कर ना, अभ्यास करतेय.
पेपरात दोन उदाहरणं दिली,
दोन्ही परदेशातली.
चौदा मिळाले.

आता फॉर्मवर लिहिलंय:
मला फॉर्म लिहायचे आहेत.
भरायचे नाहीत, लिहायचे.
पाच, सहा, सात आणि आठ काय ते शोधायचंय,
आणि नऊच्या पुढची ती रेघ
जिच्यावर धड एक आडनाव मावत नाही
ती हातभर लांब करायची आहे.
शब्द मोजले. तीस. वीस शिल्लक.
अशी जागा कुठे निघते, कोण काढतं,
पगार किती, मला माहीत नाही.
तेल विकणाऱ्यांकडे नाही एवढं कळलं.
की तिथूनच सुरुवात करावी? सोमवार अजून यायचाय.

रात्री आईच्या मशीनजवळ वही घेऊन बसले.
एका साडीला किती वेळ लागतो गं?
ती दोरा दाताने तोडत म्हणाली,
‘कुणी मोजलाय?’
मी पेनाचं टोपण काढलं.
तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
पदर सारखा केला, फोटो काढणार असल्यासारखा.
‘लिही, पाऊण तास,’ म्हणाली.
आणि थोड्या वेळाने, सुईत ओवता ओवता,
‘पिकोचा वेगळा धर.’