पूस

बाराव्या दिवशी पाळणा ठरला
आणि नावापायी घरात पंचांग फाटायची वेळ आली.

गोवर्धनला चैताली हवं होतं.
म्हटलं, दादा, चैत अजून तीन महिने लांब आहे,
आंब्याला मोहोरसुद्धा धड नाही.
काकूचं श्रावणी. गावात तीन श्रावण्या आहेत,
अंगणवाडीत हाक मारली की तिघी उठतात
आणि चौथी, कार्तिकी, उगाचच.

मी आत्या. कानात नाव सांगायचा हक्क माझा,
कुर्रर्र करायचा, वर पाठीत बुक्के खायचा.
दिग्रसहून सकाळच्या एसटीनं आले,
पिशवीत झबलं, टोपडं, काजळाची डबी.
नाव तेवढं नव्हतं आणलेलं.

प्रणिता बाजेवर, कानाला फडकं बांधून,
बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर.
एवढंच म्हणाली,
"मले लहान नाव पाह्यजे, बाई.
मोठं नाव पोट्टीच्या अंगावर ढिलं पडते.
अन् ज्या महिन्यात आली, त्याचंच."

कोणी काही बोललं नाही.
पौष. भाकड महिना.
सोयरीक नाही, लग्न नाही,
नव्या घराची चौकट उभी करायची नाही.
असा महिना पाळण्यात कोण घालतं?

मी बाहेर आले. बाहेर तोच महिना होता.
तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या.
हरभऱ्यावर रात्री पसरलेलं धोतर
पहाटे आंबेनं ओलं, जिभेला झिणझिण्या येतील इतकं आंबट.
पलीकडे उकंडरावाच्या संत्र्यांना ताण दिलेला,
पाणी तोडलेलं, पानं गळायला लागलेली.
म्हटलं, मरतील ना हो.
"नाही मरत," म्हणाला, "आता तहानलं नाही
तं माघात फुलत नाही थे."

शिवाराच्या खालून नदी जाते. तिचं नाव पूस.
कोणी ठेवलं, कोणालाच ठाऊक नाही.
धरणातून सोडलं तर पाणी, नाहीतर नुसते गोटे,
तरी तिला कोणी भाकड म्हटल्याचं ऐकलं नाही.
आमच्या आजोबांचा एक भाऊ पुसाराम होता,
चांगला ब्याऐंशी वर्षं जगला,
शेवटपर्यंत दातानं ऊस सोलायचा.

परत आले तर ओसरीत कापसाचा ढीग
आणि ढिगावर पालथा पडून थोरला समर
पहिलीचं पुस्तक वाचत होता, बोट ठेवून, तोडून तोडून.
"का. पूस."
मग मान वर करून मलाच म्हणाला,
"काय पुसू, आत्या?"

मी हसत आत गेले. सांगितलं. पूस.
दोन अक्षरं, हाकेला सोपं, शेतातून मारली तरी घरात ऐकू येईल.
प्रणिताच्या चेहऱ्यावर कळलं की बसलं.

तेव्हा काकू उठली.
एरवी तिचा आवाज चुलीपुढून बाहेर येत नाही.
"पूस म्हंजे काय होते, मालूम हाय?
माह्यं कपाय पुसलं होतं याच महिन्यात.
धा बाया होत्या. मी एकोनीस वर्साची."

शेगडीत ओवा तडतडला.
गोवर्धन दारातल्या चपला सरळ करत राहिला.

प्रणितानं पोरीला या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं.
"मंग इचारन नं थे, काकू," म्हणाली,
"कोनं पुसलं म्हून इचारन.
नावच तसं हाय तिचं."

काकू काहीच बोलली नाही.
परसात जाऊन उगाच भांडी विसळली, विसळलेलीच.

अंगणवाडीच्या मीनाक्षीताई वही घेऊन आल्या.
बाळाचं नाव?
पूस.
"काय पुसू? नावच तं पुसून राहिली न मी."
तिसऱ्यांदा सांगितल्यावर लिहिलं,
पेन्सिलनं. म्हणाल्या, बदललं तर सांगा.

पाळण्याला घुगऱ्या कमी पडल्या.
बाया जमल्या, कोणी नाक मुरडलं, कोणी नाही.
मी वाकले. दुधाचा वास, केसांना तेल.
कुर्रर्र.
आणि त्या एवढ्याशा कानात: पूस.

मग पाठीवर धबाधब बुक्के,
बांगड्यांच्या खळखळाटासकट.
त्यातला एक जरा उशिरा पडला, सगळ्यांत जोराचा.
त्या हातात बांगड्या नव्हत्या.