एच काढून बघ

खानापूरच्या तहसील कचेरीसमोर
झेरॉक्सच्या दुकानाला लागून आमचं केंद्र.
दोन संगणक, एक प्रिंटर, तीन खुर्च्या,
चौथी भरमा हुंदऱ्याची, पाठ मोडलेली.
ती मी अजून टाकलेली नाही.

माणसं यायची पिशवीत पिशवी घालून,
आतल्या पिशवीत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकात उतारा,
उताऱ्यावर बापाचं नाव कन्नडमधून,
त्यांना न वाचता येणारं.
भरमा आधी विचारायचा, जेवलासा काय?
मग गाव कुठलं, बांधाला कोण,
विहीर कुणाच्या अंगाला.
अरे, सर्वे नंबर विचार की, मी म्हणायची.
नंबर कुणाला पाठ असतो गं, तो म्हणायचा,
शेजारी असतो.

जांबोटीकडच्या इठाबाई घाडी
तीन महिने हेलपाटे घालत होत्या.
नवऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नाही.
भरमा एका बोटानं टाइप करायचा,
तेच बोट वर करून म्हणाला,
"एच काढून बघ, शालन.
लिहिणाऱ्याला दुपारची धाप लागली असंल,
घ चा ग केला, भ चा ब."
घाडीची गाडी झाली
आणि नवरा सापडला
दोन एकर अकरा गुंठ्यांसकट.

"सिक्तु!" तो ओरडायचा मराठी माणसासाठी.
कन्नड माणसासाठी "घावलं!"
उलट कशाला रे, विचारलं,
तर म्हणे, येताना कागद घेऊन आलेत,
जाताना एक शब्द तरी जास्त न्यावा.

चौकात पाट्यांना डांबर फासलं त्या दिवशी
शटर अर्धं ओढून आम्ही आत
दहावीचे निकाल काढत बसलो होतो.
बाहेर घोषणा. आत रोल नंबर.
नापास पोराला तो निकाल सांगायचा नाही.
"सर्वर डाऊन हाय. संध्याकाळी आईला घेऊन ये."
म्हाताऱ्यांना फी माफ आहे म्हणायचा.
नव्हती.
गल्ल्यात त्याचे दहा रुपये पडायचे,
हिशेब मी लिहायची, मला कळायचं.

फाल्गुनात गेला. बेळगावच्या दवाखान्यात,
दोन दिवसांत.

महिन्यानं रेणुका वहिनी आल्या,
पिशवीत पिशवी घालून.
बँकेला दाखला पाहिजे म्हणाल्या.
कसला, ते म्हणाल्या नाहीत.
मी टाकलं, भरमा हुंदरे. नोंद नाही.
भरमाण्णा. नोंद नाही.
भरमू. ब्रह्मा. नुसतं आडनाव. हुंद्रे.
नोंद नाही.
खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं.
वहिनीही पडद्याकडे
तशाच बघत होत्या.

मग बोट आपणच गेलं.
एच काढला.

बरमा हुंदरे. पुरुष. वय बावन्न.

बँक ऐकायची नाही, मी म्हटलं,
दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल, प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प.
वहिनी नावावरून बोट फिरवत होत्या,
काचेवर धुळीची रेघ उठली.
"आमच्या गोकाकला बरमाच म्हणायचे त्यांना.
आमच्या अव्वाच्या तोंडात भ बसायचाच नाही.
ते ओ द्यायचे."

प्रिंटर खडखडला.
आता कुणीतरी ओरडायला पाहिजे होतं.
वहिनी कन्नड, म्हणजे घावलं,
पण घरात तर मराठी,
मग सिक्तु,
का दोन्ही.
कागद गरम होता.
अर्ज उद्या भरू म्हणाल्या,
आणि मोडक्या खुर्चीत बसल्या, जपून,
पाठ न टेकता.
जेवलासा काय, मी विचारलं.