दुसरा गुरुवार

दुसऱ्या गुरुवारी, सकाळी नऊला,
सभागृहाच्या पायरीशी निळं पिंप मांडते मी,
तोंडावर जुना पायमोजा ताणून.
शिकोकूच्या डोंगरातलं हे गाव
एकेचाळीस घरांचं, शेगड्या पेटतात सोळा.

सराईतून डबा येतो, शाळेतून अर्धा
(मुलं सहाच, तरी बटाट्याची कोरोक्के तळतातच).
ओशिमो आजी सोया सॉसच्या बाटलीत आणते
बोटभर तेल आणि हातभर गप्पा.
मी एकच विचारते: पाणी नाही ना गेलं त्यात?

कुवाबारा तोकुजी यायचे रिकाम्या हातांनी.
पिंपाशी उभे राहायचे, थंडीचं बोलायचे, जायचे.
दीड वर्ष.
त्यांच्या ओट्याखाली एक बरणी आहे, हे गावाला ठाऊक.
इनेकोनं शेवटचं तळलं ते तेल:
कमळकाकडी, रताळं, अंगणातल्या शिसोची पानं.

मार्चमध्ये आणली.
फडक्यात बांधून, फडक्याला तीन गाठी.
तेल काकवीसारखं, खवट,
तळाशी पिठाची कणी आणि एक पान,
करपलेलं, पण दातेरी कड शाबूत.

म्हणाले, "हे वेगळं ठेवता येईल?"
बघू, असं म्हणणार होते. जीभ रेटेना.
"नाही. सराईचं, शाळेचं, सगळं एकच होतं.
मिथेनॉल घालते, कॉस्टिक घालते, रात्रभर ठेवते.
वर येतं ते बसमध्ये,
खाली बसतं त्याचा साबण."
"बरं."

आणि स्वतःच ओतली,
बरणी उलटी धरून, धारेची तार होईस्तोवर,
तार तुटून थेंब होईस्तोवर.
मागे रांग होती. कुणी घसा खाकरला नाही.
पान मोज्यात अडकलं.
ते चिमटीत उचलून त्यांनी खिशात टाकलं, तसंच, तेलकट.

सोमवारी दवाखान्याच्या बसला आले.
गाडीही मीच चालवते.
म्हाताऱ्यांना तिकीट नाही,
तरी दोनशे येन टाकले डब्यात.
पुलानंतर चढ लागला, इंजिन कण्हलं.
"वास येतो का गं?"

पाहुणे शपथेवर सांगतात, तेम्पुराचा वास येतो.
मला सहा वर्षांत कधी आला नाही.
"नाही येत," मी म्हटलं.

देवदारांची अख्खी रांग मागे पडली.

"बरंय. तिलाही नाही आवडायचा.
तळून झालं की भर थंडीत
सगळ्या खिडक्या सताड उघडायची."

आणि त्यांनी काच सरकवली.
मागून ओशिमो आजी ओरडली,
"लावा ती! गारठा येतोय."